बेचाळीस विहिरींच्या दप्तरास पडलेल्या कुलपाची हकीकत

श्री. जळ, अक्षर आणि स्मरण या तिहींस नमस्कार करोन हा मजकूर लिहिला असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ वद्य पंचमी, इंदुवार, ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, वेणूबाई मोहिते यांचे दप्तरावर संकट कोसळले. वेणूबाई ह्या पेशजी तालुक्याचे शाळेत भूगोल शिकवीत असत, आणि मुलांस नकाशातील नद्या शिकविता शिकविता त्यांचे मनात आले की आपले गावचे विहिरीत पाणी किती हे एकासही ठाऊक नाही, मग दोरीस वजन बांधोन मुलांसह विहिरी मोजो लागल्या, आणि एका गावाची दोन, दोहोंची दहा ऐसे होत होत बेचाळीस गावे जाहली, आणि मुले मोठी होऊन संसारास लागली तरी दरमहा आपापली विहीर मोजोन आकडा बाईंस कळवीत राहिली, आणि सव्वीस वर्षांचे आकडे बाईंनी आपले घरचे संगणकात भरोन ठेविले. जुन्या वह्या होत्या त्या वाळवीने खाल्ल्या. सांप्रत राज्याचे मनी आले की नवा तलाव बांधावा, आणि तो कोठे बांधावा याची सभा फाल्गुन शुद्ध प्रतिपदेस नेमिली. खालचे गावांचे लोक वजनदार, त्यांची विहीर एक उन्हाळा आटली होती, तेणेकरून तलाव खालीच होणार ऐसा बोभाटा जाहला. परंतु माळावरील पाच गावांची विहीर दर चैत्री खडकास टेकते हे बाईंचे आकड्यांखेरीज सांगणारा दुसरा साक्षीदार नव्हता. दिवाणबाईंनी, म्हणजे त्या खात्याच्या मुख्य अंमलदारांनी, सभेस आकडे घेऊन यावे ऐसे पत्र पाठविले होते. सभेस अकरा दिवस उरले होते.

ते दिवशी बाई सकाळी जवळची एक विहीर मोजोन दुपारी घरी आल्या आणि आकडा भरावयास संगणकापुढे बसल्या, तो पडद्यावर काळी पाटी आणि तांबडी अक्षरे. इंग्रजीत लिहिले होते की तुमच्या सर्व फाईली आम्ही बंद केल्या आहेत, तीन दिवसांत परदेशी नाण्यात खंडणी द्या, न द्याल तर रक्कम दुप्पट, आणि त्यापुढे किल्ली नष्ट. बाईंनी एक फाईल उघडिली, उघडेना. दुसरी पाहिली, तिचे नावाचे शेपटास चार परकी अक्षरे चिकटली होती, आणि तिसरीसही तीच, आणि मग बाई एकामागून एक पाहात गेल्या आणि बेचाळीस गावांची बेचाळीसही तैसीच निघाली. नक्कल म्हणोन एक डिस्क संगणकाचे पाठीमागे जोडिलेली होती, तीतही तीच चार अक्षरे. सव्वीस वर्षांत त्यांनी एक महिना चुकविला नव्हता, मुलीच्या लग्नाचे महिन्यातही नाही. त्यांनी दोनही हात पदराखाली घट्ट आवळोन धरिले आणि मग दस्तगीर मुजावर यांस फोन केला.

दस्तगीर हे बाईंचेच शिष्य, बाजारपेठेत संगणक दुरुस्तीचे दुकान चालवीत. बाईंनी दोन वाक्यांत वर्तमान सांगितले. ते म्हणाले, "बाई, आधी इंटरनेटची वायर काढा. मग मागची डिस्क काढा. बाकी कशाला हात लावू नका, मी निघालोच." आणि दुकान शेजाऱ्याचे हवाली करोन अर्ध्या घटकेत हजर जाहले. त्यांनी तांबड्या पाटीचा फोटो काढिला, फाईली पाहिल्या, आणि खुर्ची ओढोन बाईंस समजाविले की यास रॅन्समवेअर म्हणतात, हा खंडणीखोर प्रोग्राम आहे, हा काही चोरोन नेतो ऐसे नव्हे तर घरातील पेटी घरातच ठेवितो आणि तीवर आपले कुलूप घालितो, आणि ते कुलूप ऐसे की घण घालोन फुटत नाही, किल्लीनेच उघडते, आणि किल्ली त्यांचेपाशी. डिस्क सदा जोडिलेली असल्याने तीही त्यास घरातील दुसरी खोलीच वाटली. मग त्यांनी विचारिले की आज कोणी काय उघडिले, मेलमधील, पेनड्राइव्हमधील, काहीही. बाई म्हणाल्या की मी सकाळपासोन बाहेर होत्ये.

बाईंचे यजमान केरबा मोहिते पलीकडचे खोलीत बसले होते. टपाल खात्यात चाकरी करोन निवृत्त जाहलेले, कानांनी मंद, शब्दास पक्के. त्यांस यंत्रावाचोन ऐकू येत नसे, परंतु दोन माणसे एकाएकी बोलावयाची थांबली हे त्यांस दिसले, आणि खंडणीची पाटी त्यांनी मघाशी वाचिली होती, तिचा आणि सकाळी आपण केलेल्या गोष्टीचा मेळ त्यांस लागला. प्रथम त्यांचे मनात आले की आपली ठेव मोडोन गुपचूप खंडणी भरावी आणि हे प्रकरण बाईंस कळो न द्यावे. मग बाईंचे पदराखालचे हात त्यांस दिसले, आणि ते उठोन उंबऱ्यात येऊन उभे राहिले, आणि म्हणाले, "मी उघडलं. कुरियरचं पार्सल अडकलंय, पावती बघा, असा मेल होता. फोनवर अक्षरं बारीक दिसतात म्हणून इथे उघडला. कानाच्या मशीनचे सेल यायचे होते ना."

बाईंस राग आला ही गोष्ट खरी, लिहिणाराने ती लपवो नये. परंतु राग कोणावर काढावा हे पाहता पाहता तो उतरला. मग त्या केरबांस ऐको जावे म्हणोन जवळ जाऊन बोलिल्या, "सेलांची वाट मीही बघत होते. मी घरात असते तर मीच उघडलं असतं."

तेव्हां केरबांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती पहिलीहून भारी. पावती दिसेना म्हणोन तो मेल त्यांनी आपले स्नेही सखाराम जंगम यांस पाठविला होता, तुम्हांस उघडतो का पाहा ऐसे लिहोन. जंगम हे तालुक्याचे वाचनालयाचे कारभारी, आणि त्यांचे संगणकात आठ हजार ग्रंथांची यादी आणि साठ वर्षांची जुनी वर्तमानपत्रे छायाचित्रे करोन ठेविली होती. दस्तगीरांनी तत्क्षणी फोन लाविला, उचलला नाही, पुन्हा लाविला, उचलला नाही, आणि तिसरे खेपेस जंगम बोलिले की जेवावयास घरी आलो आहे, मेल पाहिला, परत गेल्यावर उघडणार होतो. दस्तगीरांनी त्यांस तो न उघडता पुसोन टाकावयास सांगितले आणि फोन ठेवोन केरबांस म्हणाले, "काका, तुम्ही आत्ता बोललात म्हणून वाचनालय वाचलं." केरबांनी ते पुन्हा एकवार मोठ्याने म्हणविले, आणि ऐकोन भिंतीस टेकोन खाली बसले.

पुढे खंडणीची गोष्ट निघाली. दस्तगीर बोलिले की पैसे देऊनही किल्ली येईल यास जामीन कोणी नाही, आणि दिले म्हणजे पुढील घरावर चालोन जाण्यास त्यांस दाणागोटा आपणच पुरविला. बाईंनी द्यावयाचे नाही ऐसे ठरविले, आणि सायबर पोलिसांकडे जाऊन रीतसर फिर्याद नोंदविली. दस्तगीरांनी ती खंडणीची पाटी आणि एक बंद फाईल तज्ज्ञांचे मोफत ठिकाणी पाठवोन कोणते जातीचे कुलूप आहे ते शोधिले. जात कळली. त्या जातीची किल्ली जगात अजोन कोणास सापडली नव्हती. तरी त्यांनी सर्व बंद फाईली एका कोऱ्या डिस्कवर उतरोन घेतल्या, आणि बाई म्हणाल्या की मुडदे कशास जपावयाचे, तेव्हां ते म्हणाले की ह्या मेल्या नाहीत, निजल्या आहेत, कुलपे करणारे कधीमधी धरले जातात. मग स्वच्छ यंत्रावर तयार केलेल्या पेनड्राइव्हने संगणक सुरू करोन त्यांनी तो प्रोग्राम हुडकिला, आणि केवळ तो काढोन भागणार नाही, कोठे दडला असेल ते सांगता येत नाही, म्हणोन संगणक संपूर्ण पुसोन नव्याने उभा केला, आणि मेलचे, बँकेचे, सर्व पासवर्ड दुसरे यंत्रावरोन बदलविले. संगणक निर्मळ जाहला आणि रिता जाहला.

दुसरे दिवशी बाईंनी खडकवस्तीस अनुसया लोहार यांस फोन केला. अनुसया माळावरील पाच गावांपैकी त्या गावची विहीर मोजीत. बाईंस विचारावयास संकोच वाटला, कारण आकडे सांभाळण्याचे काम बाईंचे होते. परंतु अनुसया म्हणाल्या की बाई, तुम्हांस कळविण्याआधी मी पंपघराचे भिंतीवर कोळशाने लिहित्ये, पहिल्यापासोन, या आणि पाहा. मग केरबांनी स्कूटर काढिली आणि उभयतां माळावर गेली. पंपघराचे आतील तिन्ही भिंती आकड्यांनी भरल्या होत्या, महिन्याखाली महिना, वर्षाशेजारी वर्ष, कोठे हात बदललेला, अनुसयांचे बाळंतपणी त्यांचे दिरांनी लिहिलेले. बाई चष्मा पुसोन पाहात राहिल्या. मग केरबा भिंतीपाशी उभे राहोन आकडा वाचीत आणि बाई लिहीत ऐसा क्रम लागला, आणि केरबांचा आवाज मंद कानांचे माणसाचा, मोठा, तो ऐकोन विहिरीवर आलेल्या बायका दारी जमा जाहल्या, आणि एका वर्षीचा वैशाखाचा आकडा ऐकोन एक वृद्ध बाई म्हणाल्या की होय, त्या साली आम्ही तळाचा गाळ उपसोन पाणी प्यालो. बाईंनी तेही समासात लिहोन घेतले. पेशजी त्यांचे दप्तरात नुसते आकडेच होते.

येणेप्रमाणे नऊ दिवस उभयतां फिरली. कोणापाशी वही निघाली, कोणापाशी फोनमधील संदेश, कोणी दाराचे मागे खिळ्यास टोचलेले कागद काढोन दिले. एकतीस गावे पुरी मिळाली. अकरा गावांचे आकडे तुटक, आणि त्यांत माळावरील एक. बाईंनी ती जागा अंदाजाने भरिली नाही. सभेत दिवाणबाईंनी विचारिले की हे रकाने रिकामे का, तेव्हां बाई उभ्या राहोन बोलिल्या, "जे माझ्यापाशी नाही, तिथे नाही असं लिहिलंय. जे लिहिलंय ते ज्यांनी मोजलं ते इथे बसलेत, त्यांना विचारा." आणि अनुसया उठल्या, आणि त्यांचे मागोमाग मोजणारे एकतीस गावांचे लोक उठले. खालचे गावांचे पुढाऱ्यांनी बहुत हरकती घेतल्या आणि दोन प्रहर वाद चालला. अखेर तलाव माळावर खडकवस्तीचे अंगास बांधावा ऐसे ठरले, त्याचे पाणी चार गावांस मिळावे, आणि पाचवे गावाचे आकडे पुरे नव्हते म्हणोन त्याचा विचार पुढील सालावर राहिला. बाईंस त्या पाचवे गावाचे दुःख जाहले आणि त्या तेथे जाऊन माफी मागोन आल्या.

नंतर शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, श्रावणमासी दस्तगीर धावत आले की परमुलुखीचे पोलिसांनी ती टोळी धरिली, किल्ल्या हस्तगत केल्या आणि मोफत वाटिल्या. बंद फाईलींची ती डिस्क काढोन जोडिली. एकेक फाईलीची परकी अक्षरे गळत गेली आणि सायंकाळपावेतो बेचाळीसही गावे जागी जाहली. बाईंनी पाचवे गावाचे आकडे त्याच आठवड्यात दिवाणबाईंकडे रवाना केले, आणि त्याचे प्रकरण पुन्हा चौकशीस घेतले गेले. तेव्हापासोन बाईंचे घरी दर आदित्यवारी केरबा डिस्क जोडितात, नक्कल उतरितात, आणि काढोन कपाटात ठेवितात, दुसरी नक्कल वाचनालयात जंगमांपाशी असते, संगणक अपडेट मागतो तेव्हां उद्यावर ढकलीत नाहीत, आणि कुरियरचा मेल आला तर आधी फोन करोन विचारितात.

तलावाचे कामास आरंभ जाहला ते दिवशी खडकवस्तीचे शाळेत बेचाळीस गावांचे मोजणारे बोलाविले होते, त्यांस फोन आणि संगणक कैसा राखावा हे दस्तगीर सांगणार होते. परंतु आधी केरबा उठले. त्यांस सभेत बोलण्याची सवय नव्हती. ते म्हणाले, "बाईंचं दप्तर गेलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्यानं ते उघडलं तो मी." आणि सेलांची, पावतीची, जंगमांची सर्व गोष्ट न गाळता सांगितली. कोणी हसले नाही. नंतर चहा चालला असता एक तरुण बाई, मागील बाकावर बसलेल्या, केरबांपाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि पदराआडोन फोन काढोन हलके आवाजात म्हणाल्या की काका, परवा मीही असंच काहीतरी दाबलंय, घरी कोणाला बोलले नाही. केरबांस शब्द ऐको आले नाहीत परंतु चेहरा कळला, आणि त्यांनी आपली खुर्ची त्या बाईंस देऊन दस्तगीरांस हाक मारिली.

सारांश, कुलूप आले, खंडणी न देता सुटले, चार गावांस पाणी ठरले, पाचव्याची आशा आहे. एकतीस गावांनी दप्तर दुसरेंदा लिहिले ते पहिल्याहून भले जाहले. जैसे घडले तैसे लिहिले, जेथे माहिती नाही तेथे जागा कोरी ठेविली असे.