नसीम मॅडमचं सासूपण

नसीम मॅडमच्या वर्गात शिरायचं तर आधी सासूला पटवावं लागे. यवतमाळच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात दर सोमवारी त्या दारातच खुर्ची टाकून, डोक्यावर पदर घेऊन बसत. आम्ही घरभेटीला आलेल्या नर्सबाया आणि मॅडम त्या घरची म्हातारी.

"कायले आली व?"

"बीपी तपासायला."

"नाही तपासाचा. जाय."

मॅडम स्वतः मुसलमान, म्हणून एकदा मी हुशारीनं सलाम केला. त्या दिवशी त्या केळापूरकडच्या पाटलीणबाई होत्या. पुढच्या सोमवारी वाकून नमस्कार केला, तर मोहल्ल्यातल्या खालाजान. दोन्ही तास मी व्हरांड्यात काढले.

"तोंड पाहून ठरवाचं नाही," त्या म्हणत. "बसा, पानी मांगा, मंग इचारा."

आम्ही त्यांच्या पाठीमागे खूप हसायचो. मग शेवटच्या वर्षी महागावकडच्या एका दवाखान्यात माझी ड्यूटी लागली.

बंजारा तांड्यावरची शांता बाळंतपणाला आली होती. बाळ अडलेलं, सिझेरियन लगेच करायचं होतं. सिस्टर तिच्या बांगड्या काढायला लागल्या, तशी सासू जमनाबाई मध्ये आली. "नाही करायचं आपरेशन. घरी चाल." डॉक्टर आधी समजावून थकले, मग चिडले. बाळाचे ठोके मंदावत होते.

मी जमनाबाईंपाशी जमिनीवर बसले. त्यांच्याच बाटलीतलं पाणी मागून प्यायले. त्यांनी चमकून पाहिलं.

"याडी," त्यांच्या बोलीत आईला म्हणतात तसं मी म्हणाले, "काय झालं, मले सांगा."

"बांगड्या नवरा मेल्यावर काढतेत, बाई," त्या हळू बोलल्या. "औंदा कापूस गेला. तांड्यावर दोघायनं जीव देला. त्यायच्या बायकायच्या बांगड्या म्याच उतरवल्या. माह्या सुनेच्या नाही उतरवू देत."

मी डॉक्टरांकडे धावले. "दोन्ही हातांत एकेक राहू द्या सर. मी वरून स्वच्छ पट्टी बांधते."

डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले, "बांध. लवकर."

बाकीच्या बांगड्या मग जमनाबाईंनीच सरकवून काढल्या आणि पट्टीचं टोकही त्यांनीच धरलं. मुलगी झाली. तिचं रडणं फाटकाबाहेरच्या ऑटोवाल्यांनीही ऐकलं. पुढे त्या दवाखान्यात बांगड्यांवर पट्टी बांधायची रीतच पडली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हकीकत ऐकून मॅडम दवाखान्यात आल्या. "पानी पेलं होतं?" एवढंच विचारलं.

"हो."

"मंग ठीक."

पण दुपारपर्यंत झाडूवाल्या मावशींनाही सगळी हकीकत पाठ झाली होती, आणि मॅडमच्या सांगण्यात मी दर खेपेला थोडी जास्तच शूर होत होते.

जमनाबाईंनी नात मॅडमच्या मांडीवर ठेवली. "तुले किती लेकरं व?"

मॅडम एकट्या राहतात हे आम्हाला ठाऊक होतं. विचारायची हिंमत कुणी केली नव्हती. त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दरसाली नव्या येतेत, माय. अन् जातेत."

जमनाबाई हसल्या. बाळ झोपलं होतं. ते परत घ्यायची घाई त्यांनी केली नाही.