शर्यत आठने पुढे ढकलली आहे

माणूस दोनच कारणांनी धावतो : मागे कोणी लागले म्हणून, किंवा पुढे कोणी वाट पाहत आहे म्हणून. यांपैकी एकही कारण नसताना बेचाळीस किलोमीटर धावणे याला मॅरेथॉन म्हणतात. ती न धावता यशस्वी करण्याचा मान मात्र एकाच कार्यालयाकडे जातो.

कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी या कार्यालयाने पंधरा वर्षांपूर्वी वार्षिक मॅरेथॉन सुरू केली. तारीख शास्त्रशुद्ध रीतीने ठरली. मागच्या तीस वर्षांच्या नोंदी काढून, ज्या दिवशी हमखास वादळी पाऊस होतो तोच दिवस मुक्रर झाला. नावनोंदणी दरवर्षी वाढत गेली. (अंदाज 'तुरळक सरी' असा आला की चाळीस जणांचे गुडघे दुखू लागत, 'मुसळधार' म्हटले की रजेवरचेही येऊन नाव घालत.) शर्यतीच्या सकाळी नियम सात लागू होई : 'हवामान प्रतिकूल असल्यास शर्यत पुढे ढकलावी.' ती आठ दिवस पुढे जाई. तोवर वार्षिक तपासणी सुरू झालेली असे आणि शर्यतीचा विषय कोणी काढत नसे. सहभागाची पदके मात्र तयार असत, ती वाटून टाकावी लागत.

अशी पंधरा पदके कार्यालयाच्या अव्वल कारकुनांच्या घरी बाहेरच्या खोलीत टांगलेली होती. आपण धावलो, असे त्यांनी कधी तोंडाने म्हटले नाही. शेजाऱ्यांनी विचारले तर गुडघा चोळत ते "वय झालं आता" एवढेच म्हणत. म्हणजे खोटे बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

पण त्यांची एकुलती एक लेक परगावी नोकरीला होती, आणि पाचवीत असताना तिने 'माझे बाबा' या निबंधात त्यांना वाऱ्यापेक्षा जोरात पळवले होते. यंदा तिचा फोन आला. "बाबा, मी रजा टाकलीय. एकदा तरी तुम्हाला धावताना बघायचंय."

 अव्वल कारकून साहेबाला भीत नसत, देवाला बेताने भीत. लेकीच्या मनातून उतरण्याची मात्र त्यांना भारी धास्ती होती.

शर्यतीच्या सकाळी आभाळ फाटले. अव्वल कारकुनांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी घाईघाईने ढकलण्याच्या आदेशाचा छापील नमुना भरला, 'किती पुढे' या रकान्यात सवयीने 'आठ' लिहिले आणि साहेबांची सही घेतली. (दिवस, असे लिहायची गरज पंधरा वर्षांत पडली नव्हती.) मैदानाची व्यवस्था मात्र यंदा प्रथमच बांधकाम विभागाकडे होती, आणि तो विभाग जगातले सगळे काही मीटरमध्ये मोजतो. ओव्हरसीअरने चार माणसे लावून आरंभाची कमान आठ मीटर पुढे ढकलली आणि तसा अहवाल दिला.

"अहो, दिवस! आठ दिवस!" अव्वल कारकून ओरडले.

"मग तसं लिहायचं ना, भाऊसाहेब," ओव्हरसीअर शांतपणे म्हणाला. "आता अंमलबजावणी झाली."

एकदा अंमलात आलेला आदेश पुन्हा अंमलात आणता येत नाही, हा पायंडा खुद्द अव्वल कारकुनांनीच पाडला होता. साहेबांनी शिट्टी वाजवली. जमलेल्या तीनशे एक्याण्णव स्पर्धकांपैकी तीनशे नव्वद जण जिवाच्या आकांताने धावले, कार्यालयाच्या इमारतीकडे. (तेवढे अंतर मोजलेले असते तर विक्रम नोंदवता आला असता.)

उरलेला एक स्पर्धक रस्त्याने निघाला, कारण वळणावर उलटी झालेली छत्री धरून लेक उभी होती. चष्म्यावर पाणी, बुटांत पाणी. पहिल्याच किलोमीटरला बरगडीत चमक भरली. लेक शेजारून पळू लागली. शेवटी एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली ते मटकन बसले.

"खरं सांगू? मी आजवर एकदाही धावलो नाही गं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"सहावीपासून. आई म्हणायची, बेचाळीस किलोमीटर पळून आलेला माणूस आल्या आल्या पेपरची घडी कोणी मोडली म्हणून ओरडत नाही."

"मग एवढ्या लांब आलीस कशाला?"

तिने केस पिळले. "चार वर्षं तुम्ही म्हणताय, तुझं घर बघायला येतो. कधी ऊन फार, कधी पाऊस, कधी थंडी. म्हटलं, आपणच जावं."

अव्वल कारकुनांना वाईट वाटले. फार वाईट वाटले. ते उठले आणि लेकीला घेऊन स्टेशनच्या रस्त्याला लागले, तसेच, ओल्या कपड्यांनी, तिच्या गावाची गाडी पकडायला. गाडी सुटत होती म्हणून शेवटचे दोनशे मीटर ते चक्क धावले.

कार्यालयाच्या अहवालात त्यांच्या नावापुढे 'स्पर्धा अर्धवट सोडून पसार' असा शेरा आहे.

आता त्यांना हसायला हरकत नाही. पण आज तुम्हालाही कोणाकडे तरी जायचे होते. बाहेर जरा ऊन वाटले, किंवा ढग वाटले, म्हणून तुम्ही हे वाचत बसलात. वाचून झाले. ते माणूस अजून दाराकडे बघत बसले आहे.