तुकाराम तांडेलाचं इंजिन आणि पंचमीची ओहोटी

"भरती-ओहोटी बघत बसायचे दिवस गेले आता!" हे वाक्य तुकाराम तांडेलाच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस त्या दोन महिन्यांत दिघीच्या आसपास शोधून सापडला नसता. सन साठ-एकसष्टचा सुमार. खाडीच्या फाट्यावरच्या त्या लहानशा कोळीवाड्यात पहिलं डिझेल इंजिन बसलं ते तुकारामच्या बोटीवर! बाकीचे अजून शीड उभारून वाऱ्याच्या विनवण्या करत होते. तुकाराम मात्र हँडल मारायचा, धडधड सुरू झाली की छाती काढून सुकाणू धरायचा आणि शीडवाल्यांना ओरडून सांगायचा, "अरे, जग चंद्रावर निघालाय, आन तुमी बोटांवर तिथ्या मोजताव!"

तिथ्या मोजायचं कारण वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. तुकारामचं अख्खं आयुष्य याच हिशेबावर गेलं होतं, पण इंजिन आलं आणि त्यानं तो हिशेब डोक्यातून पार धुऊन टाकला.

आता नेमकी त्याच्या मुलीची, नलूची सोयरीक जुळत आली होती. मुलगा चंदर, आगरदांड्याचा. नलूला तो हरिहरेश्वरच्या जत्रेत दिसला होता, आणि त्या दिवसापासून घरातल्या भाकऱ्या रोज करपत होत्या. मुलाची काहीच हरकत नव्हती. अडचण होती ती मुलाच्या बापाची!

चंदरचा बाप बाळाजी हा आगरदांड्याचा जुना तांडेल, बोटीचा म्होरक्या. चाळीस वर्षांत त्याची बोट एकदाही चिखलात बसली नव्हती, आणि हे तो न विचारता, जेवतानासुद्धा, सांगायचा. याआधी त्यानं दोन स्थळं मोडली होती. एकाची होडी नीट न बांधल्यानं वाहून गेली म्हणून, आणि दुसऱ्यानं पाहुण्यांना तासभर ताटकळत ठेवलं म्हणून! "जितं जबाबदारी न्हाय, तितं सोयरीक न्हाय," असं त्याचं ठाम मत होतं.

साखरपुड्याचा मुहूर्त निघाला पंचमीचा, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांचा. आदल्या दिवशी तुकारामनं जाहीर केलं, "पावन्यांना मी सोता इंजिनानं आनतो. दिघीच्या धक्क्यावर न्हाय, थेट आपल्या दारात!"

त्याची बायको चंद्राबाई म्हणाली, "अवो, पंचमी हाय. पावनेचारला भरती. धाला आपल्या दारात निस्ता चिखल असल. धक्क्यावर उतरवा, तितून पायी आना. पाव मैल तर हाय!"

"पायी? माज्या व्याह्याला पायी? आन इंजिन कशाला घेतलंय मग, पूजेला?"

"पूजाच करा त्याची. पन पानी बघा!"

"इंजिन पानी बघत न्हाय, पानी कापतं!" तुकाराम म्हणाला. चंद्राबाई तांदूळ निवडत बसली. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा खडे वेचणं तिला केव्हाही सोपं वाटायचं.

सकाळी आगरदांड्याहून बोट झोकात निघाली. बाळाजी, त्याची बायको भागुबाई, नवा फेटा बांधलेला चंदर, एक थकलेली आत्या आणि चार-पाच नातेवाईक. भागुबाईच्या मांडीवर साखरेचा मोठा पुडा आणि पेढे. तुकारामचा म्हातारा खलाशी बुधाजी पुढं बसून पाण्याकडे बघत होता आणि अधूनमधून मान हलवत होता. फाट्याच्या तोंडाशी तो म्हणाला, "तांडेल, पानी पातळ व्हत चाललंय."

"काय?" तुकाराम ओरडला. इंजिनापुढं त्याला काही ऐकू येईना.

तेवढ्यात किनाऱ्यावर चंद्राबाई दिसली. सोबत वाड्यातल्या सगळ्या बायका. त्या दोन्ही हात वर करून, पदर फडकावून, जिवाच्या आकांतानं मागं जा, मागं जा, असं खुणावत होत्या!

"बगा व्याहीबुवा," तुकारामचा ऊर भरून आला, "कसा स्वागत करतान आमची लोका!" त्यानंही दोन्ही हात हलवले. बायका आणखी जोरात हात हलवू लागल्या. तेव्हा तुकारामनं काय करावं? त्यानं इंजिनाचा वेग वाढवला!

बोट भर वेगात चिखलावर चढली. पाहुणे एकमेकांवर कोसळले, आत्या बुधाजीच्या मांडीत बसली आणि चंदरचा फेटा चिखलात गेला. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. त्या शांततेत किनाऱ्यावरून चंद्राबाईचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "मेल्या, मागं जा सांगत व्हते नं!"

दारापर्यंतचं अंतर शंभर पावलं. घरचं तोरण दिसत होतं. नुसतं दिसतच होतं!

"इंजिनात कायतरी खोट हाय," तुकाराम म्हणाला. "कंपनीला पत्र धाडतो." बाळाजी वाकून चिखलाकडे बघत होता. "सरकारनं हा गाळ काडायला नको? आन हा बुधाजी! खलाशानं सांगाला नको?"

"तांडेल कोन हाय बोटीवर?" बाळाजीनं विचारलं.

तुकारामनं ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यानं सगळ्यांना आधी डावीकडे बसवलं, मग उजवीकडे. बोट ढिम्म! मग पुरुषांना खाली उतरून ढकलायला लावलं. ते गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांना वर ओढायला आणखी दोघं उतरले, तेही रुतले. दहा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा वरपक्षाचे पाच जण चिखलात उभे होते.

ऊन चढलं. आत्याला घेरी आली. बोटीवर खायला दुसरं काही नव्हतं, म्हणून भागुबाईनं कपाळाला हात लावून साखरेचा पुडा सोडला. मग पेढेही गेले. साडेदहापर्यंत साखरपुडा न होताच साखर संपली!

बाळाजी उठून उभा राहिला. "तुकाराम, ज्याला आपल्या दारातला चिखल ठाव न्हाय, त्याच्या घरात आमचा पोरगा..."

नलूचं कसं होणार, हा विचार तुकारामच्या डोक्यात आत्ता पहिल्यांदा शिरला, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाळाजीचं वाक्य पुरं झालं नाही, कारण समोरून नवरीच येत होती! हिरवं लुगडं गुडघ्यावर खोचून नलू चिखलातून हलकी होडी ढकलत आली. होडीत पाण्याची कळशी आणि भाकऱ्या. पाय कुठं टाकायचा हे तिला नेमकं माहीत होतं. ती एकदाही रुतली नाही. रुतलेल्या चंदरला तिनं जाताजाता हात देऊन बाहेर काढलं, आणि तो हात सोडायला तो काही तयार होईना.

बाळाजीनं पाणी पिऊन विचारलं, "पोरी, बोट कदी उचलल?"

"बाराला. इंजिन तवर बंदच ऱ्हाऊ द्या मामा, न्हायतर पान्यातला पंखा मोडल. आन बाबांना हँडलाला हात लावू देव नका."

"हिला इंजिनातला काय कलतंय!" तुकाराम पुटपुटला. कुणी लक्ष दिलं नाही.

बोट हलली तेव्हा तुकारामच्याच मनगटावरच्या नव्या घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती. बाळाजीनं ते घड्याळ दोनदा बघितलं, मग नलूला बघितलं आणि म्हणाला, "सोयरीक पक्की! पन मी ती हिच्याशी जोडतोय, तुज्याशी न्हाय."

साखरपुडा गुळावर झाला. तुकाराम इतका खूश झाला की जेवताना त्यानं पुन्हा यंत्रयुगावर बोलायला सुरुवात केली. चंद्राबाईनं त्याच्या पानात भाताचा डोंगर वाढला आणि तोंड बंद केलं.

साडेतीनला, भरल्या पाण्यात, पाहुणे परत निघाले. तुकारामनं इंजिन सुरू केलं, सुकाणू धरलं आणि ऐटीत विचारलं, "निघायचा नं?"

सगळ्या बोटीनं मान वळवली आणि काठावर उभ्या असलेल्या नलूकडे बघितलं. तिनं पाणी पाहिलं, मान हलवली. मगच बाळाजी खाली बसला.

"ही आता आमच्याकडं येनार," तो तुकारामला म्हणाला. "तुला मग कोन सांगनार रे?"

तुकारामनं तोंड उघडलं. इंजिनाच्या धडधडीत ऐकू आलं नाही असं म्हणावं, तर इंजिन नेमकं तेव्हाच बंद पडलं होतं.