वानखडेकाकांचा काटा

आमच्या गल्लीत कुणाच्याही गाडीचं चाक पंक्चर झालं, की वानखडेकाका त्याची माफी मागतात.

तुम्ही म्हणाल, शेजारी हळहळतातच. हळहळणं वेगळं. काका रीतसर हात जोडतात, "माफ करना भाईसाब, मेरी वजह से हुआ," म्हणतात आणि पिशवी उघडतात. पिशवीत पंप, कानस, सोल्यूशनची ट्यूब, रबराचे तुकडे आणि एक चिमटा. सफारी सूट घातलेला हा सत्तरीचा माणूस मग रस्त्याकडेला उकिडवा बसतो आणि चाकात घुसलेली वस्तू उपसून डोळ्यांशी धरतो. काटा निघाला तर चेहरा पडतो. "हा माहाच." खिळा निघाला तर मात्र गडी खुलतो. "खिळा आहे बाप्पा! याच्याशी आपला काही संबंध नाही." ठिगळ मात्र दोन्ही वेळा सारख्याच निगुतीनं लावतो.

समोरच्या शर्माजींना आधी वाटलं, हे गृहस्थ स्वतःच काटे पेरत असावेत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अविनाशजी, आपके वानखडेजी का पंक्चरवाले से कुछ हिस्सा है क्या?" वाळवंटाकडच्या या हिंदी शहरात, वैशाली नगरच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. वरच्या मजल्यावर ते, खाली आम्ही. त्यामुळे काकांनी काहीही केलं तरी खुलासा मलाच द्यावा लागतो, आणि अख्खा महाराष्ट्र असाच असतो हा गल्लीचा समज काही केल्या जात नाही.

खुलासा असा. काका मूळचे अमरावतीकडचे. ऐन तारुण्यात सरकारी नोकरीवर इकडे आले ते ओसाड टेकड्यांवर झाडं लावायच्या कामावर. टेकड्या उघड्याबोडक्या, बायकांना सरपणासाठी दिवसदिवस पायपीट. वरून हुकूम आला, विलायती बाभूळ लावा. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात. तिला पाणी नको, राखण नको, बकरी पानाला तोंड लावत नाही. काकांनी ती जीव ओतून लावली. जुने लोक सांगतात, तेव्हा त्यांच्या जीपचा आवाज आला की गुराखी जनावरं सोडून पळत सुटायचे. ऐन पावसात, रोपं तुडवली म्हणून एका म्हाताऱ्याच्या बकऱ्या त्यांनी अडकवून ठेवल्या होत्या म्हणे. तेच काका आता बकरी दिसली की रस्ता सोडून बाजूला उभे राहतात.

कारण बाभूळ वेडी निघाली. जनावरांनी पानं सोडली, शेंगा खाल्ल्या आणि बी गावोगाव नेऊन टाकलं. बाभळीखाली गवत उगवेना, इथली जुनी झाडं हटत गेली, आणि काटे उरले. काका निवृत्त होईतो सगळ्यांचं मत फिरलं होतं. ज्या कामाबद्दल त्यांची पाठ थोपटली गेली, त्याच झाडाचं नाव काढलं की नवे अधिकारी कपाळाला हात लावू लागले. त्यांच्या बरोबरीचे बाकीचे निवृत्त साहेब पेन्शन घेऊन सुखानं पत्ते खेळतात. काकांनी कुदळ विकत घेतली.

ही कुदळ स्कूटरवर कायम असते. कुणाकडे वास्तुशांत असो की बारसं, कुंपणापाशी बाभळीचं पोर दिसलं की काका पंगतीतून उठलेच म्हणून समजा. एकदा मी त्यांना माझ्या बँकेच्या झालाना भागातल्या ऑफिसात घेऊन गेलो. पेन्शनचं काहीतरी विचारायचं होतं. मी आत जाऊन येतो तर हे फाटकाशी गुडघे टेकून खणताहेत, आणि आमचे सगळ्यांत मोठे साहेब गाडीची काच खाली करून कौतुकानं बघताहेत. "माली बढ़िया है. किसका आदमी है?" मी तोंड उघडायच्या आत काका उठले, हात झटकत म्हणाले, "बिगड़ा हुआ माली हूँ साहब. अपना ही बोया निकाल रहा हूँ." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या फाटकाशी कळलं.

परतताना मी त्यांची समजूत घालायला गेलो. म्हटलं, "काका, काळ बदलतो. मी लांबलचक बेरजा तोंडी करायचो, साहेब लोक बघायला यायचे. आता कॉम्प्युटर आले. तोंडी बेरीज केली की बँकेतली पोरं हसतात. म्हणून काय मी माफी मागत फिरू?"

 काका म्हणाले, "तुही बेरीज जुनी झाली रे. चूक नाही ठरली. माही चूक ठरली."



एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नव्हती. पंक्चर झालेली गाडी काका आधी कोपऱ्यापलीकडे ढकलत नेतात आणि मगच माफी मागतात. तीही हलक्या आवाजात. "हळू बोल, वर ही बसली आहे." ही म्हणजे सुमनकाकी. गुडघ्यांपायी काकी कित्येक वर्षांत जिना उतरलेल्या नाहीत. दिवसभर गॅलरीत बसतात. मला वाटायचं, बायकोच्या बोलण्याला भितात, दुसरं काय!

मग गणपती आले. आमच्या मराठी मंडळाला दर वर्षी कुणाला तरी शाल-श्रीफळ द्यावं लागतं, आणि डॉक्टर, प्रोफेसर सगळ्यांना देऊन झालं होतं. मीच काकांचं नाव सुचवलं. उजाड टेकड्या हिरव्या करणारा मराठी माणूस! टाळ्या पडल्या. आणि काकांना विचारायच्या आधीच पत्रिका छापून घरोघर गेली.

काका पत्रिका घेऊन तडक खाली आले. "शाल कसली देता? चपलेनं मारा मले. भर सभेत सांगतो, ही टेकडी मी नासवली." मी घाबरलो. आधीच मंडळात माझ्याविषयी प्रेम बेताचं. म्हटलं, काका, राहू द्या, नाव मागे घेतो. तेवढ्यात वरून काकींची हाक आली, "अविनाश, जरा वर ये रे."

काकींनी पलंगावर तीन लुगडी पसरली होती. "यातलं कोणतं नेसू? टेकडीसाठी यांना कधी कुणी काही दिलं नाही रे. आता देताहेत, तर मला खाली न्यायची सोय कर." मग गॅलरीतून बोट दाखवलं. लांब, घरांच्या पलीकडे एक हिरवी टेकडी दिसत होती. "ती आमची. रोपवाटिकेला पाणी नव्हतं तेव्हा सगळी रोपं क्वार्टरच्या अंगणात होती. मी शिळेवर बसून आंघोळ करायची, ते पाणी त्यांना. मूलबाळ काही झालं नाही आम्हाला. तीच होती. एक मरू दिलं नाही."

मी जिन्यात आलो तर काका तिथेच भिंतीला टेकून उभे होते.

"झाड वेडं निघालं, हे तिला माहीत नाही?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "सारं शहर खणलं, तेवढी टेकडी सोडली. माहं काय, मी हुकमाचा ताबेदार. साहेबानं सांगितलं, लावलं. तिनं मायेनं केलं. मायेनं केलेलं चुकीचं होतं, हे कोण्या तोंडानं सांगू?"

"मग आता?"

"आता काय. घेतो शाल."

त्या संध्याकाळी मी आणि शर्माजींनी काकींना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. काकी मोरपंखी लुगडं नेसल्या होत्या आणि शर्माजींना पायरीपायरीला सूचना देत होत्या. मंडळाच्या हॉलमध्ये त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. अध्यक्षांनी भाषण ठोकलं. वाळवंटात नंदनवन, मराठी मातीचा पराक्रम, असं बरंच काही. प्रत्येक वाक्यासरशी काकांची मान खाली जात होती. शेवटी इतकी खाली गेली की शाल पांघरायला अध्यक्षांना वाकावं लागलं. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या थांबेनात. ती शरम होती, आणि ते त्या हॉलमध्ये मला एकट्यालाच ठाऊक होतं. त्यांना तिथे उभं करणाराही मीच होतो. मला टाळ्या वाजवता येईनात आणि हात स्वस्थ ठेवताही येईनात. इतके दिवस या माणसापायी मला लाज वाटत होती. त्या दिवशी माझी स्वतःची वाटली.

"दोन शब्द बोला," अध्यक्ष म्हणाले. 

काकांनी माइक धरला. पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाले, "रोपं माझ्या पत्नीनं वाढवली. तिनं एक मरू दिलं नाही." आणि खाली येऊन बसले. काकी पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. बायका त्यांना भेटायला येत होत्या, काकी प्रत्येकीला क्वार्टरच्या अंगणाची गोष्ट सांगत होत्या.

परतताना ती दोघं माझ्या गाडीत मागे बसली होती. काकांनी शाल काढून काकींच्या गुडघ्यांवर घातली होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काकी म्हणाल्या, "अहो, मला गॅलरीतून नुसतं हिरवं दिसतं. जवळून कशी आहेत हो? चांगली वाढलीत ना?"

मी आरशात पाहायचं टाळलं.

"वाढली ना," काका म्हणाले. "कोणाले आवरत नाहीत."

काकी हसल्या. "हट्टी आहेत. माझ्यावर गेली."

"नाही गं," काका म्हणाले. "माह्यावरच गेली."