तांडेलतात्यांची बंदी

आमच्या क्वार्टर्सच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या दारावर एक मराठी कॅलेंडर असे आणि त्यावर चार रंगांच्या रेघा मारलेल्या असत. हिरवी रेघ म्हणजे सौदीची कोळंबीबंदी. निळी म्हणजे कलकत्त्याच्या बाजूची मासेबंदी, लाल बांगलादेशची, आणि सगळ्यांत जाड काळी रेघ आमच्या कोकणाची. तारखेवर यांतली कुठलीही एक रेघ असली, की दत्ताराम तांडेल त्या दिवशी मासा खात नसत.

हिरवी सोडली तर बंदी तिकडे हजारो मैलांवर, मासा इथे सौदीत, कतीफच्या बाजारात बर्फात पडलेला, तरी नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "तात्या, हा मासा कधीच मेलाय. तुम्ही न खाल्ल्यानं तो उठून पोहायला लागणार आहे का?"

"मासा मेला, जाधवानू. बंदी जिती हाय," तात्या अंडं फोडत म्हणाले. "बंदी म्हंजे बंदी."

दाभोळच्या बाजूला, खाडीच्या काठावर जन्मलेला हा माणूस. लहानपणापासून होडीत वाढलेला. आणि वर्षातले सात-आठ महिने तो अंड्याची पोळी आणि मसूरची डाळ खात असे. मी साताऱ्याकडचा. मला माशाचा काटा म्हटला की घाम फुटतो. तरी मलासुद्धा त्यांची दया यायची.

आम्ही चौघे एका खाजगी पॉलिक्लिनिकमध्ये कामाला होतो. मी लॅब टेक्निशियन. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, संध्याकाळी एसीच्या खडखडाटात आडवं व्हायचं आणि कॉन्ट्रॅक्ट संपायला किती महिने उरले ते मोजायचं, हा माझा दोन हजार सालानंतरचा सगळा इतिहास. तात्या मेंटेनन्सला होते. नळ, एसी, खुर्च्यांची चाकं, जे मोडेल ते तात्यांकडे. पन्नाशी उलटलेली, काळे, काटक, कपाळावर कायम एक चष्मा चढवलेला, जो डोळ्यांवर आलेला मी कधी पाहिला नाही. उरलेले दोघे म्हणजे स्टोअर सांभाळणारे कलकत्त्याचे घोषबाबू आणि ॲम्ब्युलन्स चालवणारा बांगलादेशी शफीकभाई. या दोघांमध्ये एक मासा होता.

त्या माशाला ते इलिश म्हणत, बाजारात हिलसा म्हणत आणि तात्या पाला म्हणत. चांदीसारखा दिसतो आणि अंगात केसाएवढे शेकडो काटे. हा मासा गंगेचा चांगला की पद्मेचा, यावर घोषबाबू आणि शफीकभाई मी आलो त्या दिवशी भांडत होते, आणि माझी खात्री आहे, मी आलो नसतो तरी भांडत असते.

"अरे बाबा, गोंगा का इलिश खाओ, तो हाथ का बास तीन दिन नहीं जाता," घोषबाबू म्हणत.

"बास क्यों नहीं आएगा? पानी ही गंदा है!" शफीकभाई म्हणे. "पद्मा का इलिश मीठा होता है, दादा. मीठा."

मग दोघे तात्यांकडे बघत. कारण दर शुक्रवारी, रेघ नसेल तेव्हा, मासा आणायचे तात्या, कापायचे तात्या, आणि निवाडाही तात्यांचाच. पहिला तुकडा त्यांना मिळे. ते डोळे मिटून चघळत, जिभेनं एकेक काटा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून ताटाच्या कडेला ओळीनं लावत. आम्ही तिघे श्वास रोखून. शेवटी ते म्हणत, "अच्छा है. पण आमच्या पाल्याची सर नाय." हे दुसरं वाक्य ते मराठीतच म्हणत. घोषबाबू आणि शफीकभाईंना इतक्या वर्षांत ते पाठ झालं होतं. मग दोघेही चिडत, आणि तात्यांवर चिडण्यात त्यांची एकी होऊन जेवण सुखानं पार पडे.

मला या सगळ्याचा मनापासून कंटाळा आला होता. पण तो शुक्रवार नसता तर मी आठवड्यात कुणाशीही पाच वाक्यं बोललो नसतो, हेही खरं.

मग एका वर्षी बांगलादेशनं इलिश बाहेर पाठवणं थांबवल्याची बातमी आली. शफीकभाईनंच ती आणली, आणि अशा थाटात आणली की जणू हुकमावर सही त्यानंच केली होती.

"पहले हमारा लोग खाएगा," तो म्हणाला.

घोषबाबूंच्या घरी कलकत्त्याला जावईषष्ठी होऊन गेली होती आणि जावयाच्या पानात पद्मेचा इलिश पडला नव्हता. त्यांच्या पत्नीनं फोनवर ते तीन वेळा ऐकवलं होतं. ते उसळले. "तुम लोग अंडेवाला पकड़-पकड़ के नदी खाली किया, अब दरवाजा बंद करता है!" शफीकभाई म्हणाला, अंडेवाला नंतर, आधी तुमच्या बाजारात बोटाएवढी पिल्लं विकतात त्याचं बोला. घोषबाबू म्हणाले, तू इतकी वर्षं पद्मेचा म्हणून जो खातोस तो खोक्यातला माल बर्माचा आहे. हे शफीकभाईच्या वर्मी लागलं, कारण खोक्यावर खरोखरच काय लिहिलंय ते आमच्यापैकी कुणी कधी वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मिठाच्या दोन बरण्या आल्या. मग दोन तेलाचे डबे. घोषबाबू सहाला जेवू लागले, शफीकभाई साडेसातला. शुक्रवार बंद पडला. तात्या अध्येमध्ये ताट घेऊन बसत, एकदा याच्या वेळेला, एकदा त्याच्या, आणि दोन्ही वेळा अर्धं जेवून उठत.

"पुनव येऊंद्या," ते मला म्हणाले. "नारळी पुनवेला काळी रेघ सरेल. मी पाला आणतो. एका टोपात करतो. बघतो कसे येत नाय ते."

आता इथे माझा दोष सांगायला हवा. दर वर्षी हिवाळ्यात जो कोणी सुट्टीवरून येई तो तात्यांसाठी नवं कॅलेंडर आणी. त्या वर्षी मी होतो. तात्यांनी मला विमानतळावर सोडतानाही आठवण केली होती. पण परतताना सामानाचं वजन जास्त भरलं आणि आईनं दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा की कॅलेंडर असा प्रश्न आला. मी लाडू आणले. फ्रीजवर जुन्याच कॅलेंडराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी रेघा मारल्या आणि पौर्णिमा मोजायला बकाल्यातलं, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं, अरबी कॅलेंडर धरलं. ते लोक चंद्रावरच महिना मोजतात. चौदा-पंधरा तारीख आली की पुनव. होळीपासून पाचवी ती नारळी. हिशेब बिनचूक होता.

त्या पाचव्या पुनवेला आम्ही दोघं दुपारी किनाऱ्यावर गेलो. तात्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक नारळ. पूजा नाही, हात जोडणं नाही. इथे तसलं काही करायचं नसतं. तात्या नुसते पाण्याच्या कडेला वाकले, पाय धुतल्यासारखं केलं आणि नारळ सोडून दिला. हवा अशी दमट की माझा शर्ट पाठीला चिकटलेला. भरती येत होती. थोड्या वेळानं एक म्हातारा सौदी मच्छीमार, जाळं खांद्यावर टाकलेला, नारळ हातात घेऊन आला आणि आदबीनं तात्यांना देऊन गेला. तात्यांनी शुकरन म्हणून घेतला, पन्नास पावलं पुढे जाऊन पुन्हा सोडला. म्हाताऱ्यानं तो पुन्हा आणून दिला. या वेळी त्यानं तात्यांच्या वयाकडे बघून नारळ पिशवीत नीट घालून पिशवीला गाठही मारली.

"दर्यानं घेतलान नाय," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "तात्या, दर्यानं नाही, त्या म्हाताऱ्यानं. चला, उकडतंय." तो नारळ शेवटी वाटपात गेला.

त्याच शुक्रवारी तात्यांनी पाला आणला. बर्फात दगड झालेला. एरवी ते माशाच्या पोटावरून अंगठा फिरवून आत गाभोळी आहे का ते ओळखत आणि अंडी असलेला मासा कधीच घेत नसत. त्या दिवशी दगडावर अंगठा फिरवून काय कळणार. घरी येऊन चिरला तर आत भरलेली गाभोळी. तात्या थबकले. मग टोप चढवला.

मोहरीचा वास सुटला आणि घोषबाबू सहाच्या ऐवजी दुपारी एकलाच दारात उभे राहिले. मागून शफीकभाई. दोघांनी एकमेकांकडे न बघता ताटं घेतली. पण गाभोळी एकच आणि खाणारे दोन. घोषबाबूंनी अर्धी तोडून मुकाट्यानं शफीकभाईच्या भातावर ठेवली. शफीकभाई म्हणाला, "दादा, ये तो बर्मा का है ना?" आणि घोषबाबू हसता हसता ठसका लागून लाल झाले. तात्यांनी आपला एक तुकडा खाल्ला, बोटं चाटली आणि खुशीत आईला फोन लावायला बाहेर गेले.

त्यांची आई नव्वदीला टेकलेली, नजर गेलेली. जन्मभर मासे विकले तिनं. दर शुक्रवारी ती एकच विचारी, "पाला आला काय रे खाडीत?" जणू खाडी गावात नसून कतीफमध्ये होती. तात्या म्हणत, "येल गो आये, येल."

तात्या परत आले. खाली बसले.

"यंदा अधिक म्हैना व्हता," ते म्हणाले. "दोन ज्येष्ठ झाले. नारळी पुनव अजून म्हैनाभर पुढं हाय."

अरबी महिन्यांत अधिक मास नसतो. हे आम्हा दोघा मराठी माणसांना कळायला तात्यांची आंधळी आई लागली. मला वाटलं, तात्या हसतील. त्यांनी ताटाच्या कडेला ओळीनं लावलेले काटे बघितले आणि ते रडायला लागले. पन्नाशीचा माणूस, हुंदके देऊन. घोषबाबूंचा घास हातात राहिला.

मग ते बोलले. थोडं हिंदीत, बरंचसं मराठीत, आणि मी त्या दोघांना हिंदीत सांगत गेलो. पावसाळ्यात पाला अंडी घालायला खाडीतून वर चढायचा. गावात रीत होती, अर्धी खाडी मोकळी ठेवायची. ज्या वर्षी तात्यांना सौदीचा व्हिसा मिळत होता आणि एजंटाला द्यायला काही नव्हतं, त्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या भावानं या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावलं. चार दिवस. गाभोळीनं फुटायला आलेले पाले होडीत मावेनात. आईनं ते टोपलीत घालून विकले, पण एकही स्वतः खाल्ला नाही.

"त्या पैशाचं तिकीट काढून मी हितं आलो. दुसऱ्या वर्षी पाला थोडा आला. मग आलाच नाय," तात्या म्हणाले. "लोक म्हणतात कारखान्याचं पाणी, धरण, कायकाय. असंल. पण जाळं तर मी लावलं व्हतं. म्हणून नवस बोललो. जगात जिथं जिथं बंदी, ती मी पाळीन. पाला खाडीत येईस्तवर. आनि आज मोडला."

लाडवाचा डबा माझ्या पलंगाखाली होता, रिकामा. मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी मी उठलो तर स्वयंपाकघरात शफीकभाई अंडी उकडत होता आणि घोषबाबू बटाटे सोलत होते. मिठाची बरणी एकच होती. फ्रीजवरच्या कागदावर काळी रेघ कुणीतरी महिनाभर पुढे ओढली होती. तात्यांची रेघ सरळ असे. ही थोडी वाकडी होती, आणि शेजारी बंगाली अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मी विचारलं तर घोषबाबू म्हणाले, "बोंदी माने बोंदी."

तो महिना चौघांनी पाळला. इलिशविना भांडायचं तर ते दोघे अंड्याच्या रश्श्यात साखर घालावी की नाही यावर भांडले. खरी पुनव झाली. त्यानंतरच्या शुक्रवारी दोघे एकत्र बाजारात गेले, सगळ्या वाटेनं वाद घालत, आणि एक मध्यम आकाराचा पाला घेऊन आले. तात्यांनी पोटावर अंगठा फिरवला. गाभोळी नव्हती.

पहिला तुकडा तात्यांना. डोळे मिटले. काटे एकेक करून ताटाच्या कडेला लागले. आम्ही थांबलो.

"अच्छा है," तात्या म्हणाले. "पण आमच्या पाल्याची सर नाय."

दोघे चिडले. जेवण सुखानं पार पडलं.

भांडी घासताना मी आणि तात्या दोघंच होतो. मी सहज विचारलं, "तात्या, वीस वर्षं झाली. अजून आठवते तुम्हाला त्या पाल्याची चव?"

त्यांनी ताट धुऊन पालथं ठेवलं.

"छे हो. चव कवाच इसरलो," ते म्हणाले. "पर त्याच्या बाजूनं बोलायला मी सोडून कोन ऱ्हायलाय?"