सतरा नंबरचा सेट

या, मंडळी, या. मागच्यांनी पुढे सरका, दाराशी ताटकळणाऱ्यांनी टेकायला जागा बघा. अख्ख्या बंदराच्या तोंडाला कुलूप लावून मग एका हाकेसाठी तळमळत बसलेल्या माणसाची गोष्ट आज सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. पण हसता हसता कुणाची आठवण झाली, तर ती मात्र दाबू नका.

तर आमचे रेडिओमास्तर. बंदरातल्या चारशे वॉकीटॉकींचे धनी! क्रेनवाला, गेटवाला, लाँचवाला, सगळ्यांच्या कमरेला यांचा सेट. आणि बढाई काय सांगावी!

"माझ्या यंत्रणेत मुंगीलासुद्धा शिरायचं असेल, तर आधी नाव-नंबर सांगावा लागेल!"

खोटं नव्हतं ते. बोलणारे चारशे, वाटा फक्त आठ. बटण दाबलं की यंत्रणा मोकळी असेल ती वाट देणार. पण त्याआधी विचारणार, तू कोण? यादीत नाही? चालता हो! बोलणंही किल्ली लावून असं घुसळून सोडायचं, की चोरून ऐकणाऱ्याच्या कानात नुसती तडतड. सेट हरवला, तर मास्तर बसल्या जागेवरून हुकूम सोडणार आणि तो सेट कायमचा मुका.

"किती वेळात? अर्ध्या सेकंदात!" असं म्हणून मास्तर चुटकी वाजवत. झोपेतही वाजवत असतील, कोण बघायला गेलंय.

सुरक्षेचं हे वेड एवढं, की मोबाईल सगळ्यांनी गेटवरच्या खणात जमा करायचे. कंट्रोल रूमला समुद्राकडे एक मोठी खिडकी होती, तीही मास्तरांनी विटांनी बुजवून घेतली. "खिडकी म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे धोका!"

त्या खिडकीत पूर्वी दादा बसायचा. मास्तरांचा सख्खा थोरला भाऊ. जुन्या रेडिओवर तीस वर्षं त्यानं बंदर बोलतं ठेवलं. जुना रेडिओ म्हणजे सगळा उघडा कारभार, कुणीही यावं, बोलावं. पाळी संपली की दादा खिडकीतून सगळ्या धक्क्यांवर नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "झालं, लेकरांनो. चला घरी." वीस टनांची क्रेनसुद्धा मान खाली घालून गप्प उभी राहायची!

नवी यंत्रणा आली आणि दादा अडून बसला. "धाकट्या, सगळ्याला कुलूप लाव, पण बोलण्याचा एक गट उघडा ठेव. बुडणारा हाक मारेल, तेव्हा त्याला काय विचारशील? किल्ली आहे का रे?"

"दादा, तुला यातलं कळत नाही."

एवढंच वाक्य, मंडळी. दादा उठला. कमरेचा सतरा नंबरचा सेट तसाच घेऊन घरी गेला, पलीकडच्या टेकडीवर. त्याला तीन वर्षं झाली. ना हा चढून वर गेला, ना तो उतरून खाली आला.

पण खरी गंमत पुढेच आहे. दादा गेल्यावर आठवड्यानं मास्तरांनी गुपचूप एक गट बिनकिल्लीचा ठेवला. त्याला नाव दिलं 'हाक'; किल्ली नसलेला सेट लावला, की आपोआप याच गटात येणार. कुणाला सांगितलं नाही. दादाला तर नाहीच नाही! आणि रोज सकाळी संगणक लावला, की चहाआधी यादीतल्या सतराव्या ओळीवर जायचे. करडी ओळ. सेट बंद. तिच्याकडे बघत बसायचे, आणि मग कपाळावरचा चष्मा घरभर शोधल्यासारखा चेहरा करून कामाला लागायचे.

आणि एके दिवशी तपासनीसबाई येणार म्हणून पत्र आलं. हरवलेला प्रत्येक सेट त्यांच्यादेखत मुका करायचा!

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. सतरा मुका करायचा? मग रोज सकाळी बघायचं काय? शेवटी आयुष्यभर नियम सांगणाऱ्या माणसानं आदल्या संध्याकाळी लबाडी केली. कपाटात एक जादा सेट पडून होता. यादीत त्याला 'सतरा' नाव दिलं आणि दादाच्या सेटला 'कपाटातला जादा'. झालं! बाईंसमोर कपाटातला सेट मरणार, दादाचा वाचणार.

सकाळी बाई आल्या. बारीक चणीच्या, पण नजर अशी, की खोटं बोलणारा आधीच खोकायला लागे.

"हा सतरा तीन वर्षं बाहेर आहे, मास्तर?"

"हो मॅडम. आत्ता संपवतो बघा. तो सेट लागलेला नाही, त्यामुळे हुकूम थांबून राहील. जेव्हा कधी लागेल, तेव्हा अर्ध्या सेकंदात..." चुटकी! मास्तरांनी बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: सेट मुका झाला.

मास्तरांची चुटकी हवेतच राहिली. झाला? कपाटातला बंद सेट हुकूम ऐकेल कसा? म्हणजे ओळी उलट्यासुलट्या झाल्या की काय? म्हणजे दादानं... आजच, नेमका आत्ताच सेट लावला होता, आणि मी त्याचं तोंड बंद केलं?

मास्तर कपाटाकडे धावले. कपाट रिकामं! आत एक चिठ्ठी: 'माझ्या सेटची बॅटरी बसली, हा नेतोय. मोठ्या साहेबांना लाँचमधून समुद्रात न्यायचंय. लाँचवाला.'

एका क्षणी मास्तरांना हायसं वाटलं, दादा नव्हे! आणि दुसऱ्या क्षणी घाम फुटला. मोठे साहेब! समुद्रात! मुक्या सेटसह!

"लाँच, कंट्रोल बोलतोय! लाँच!" उत्तर कुठलं येणार?

"मोबाईल लावा ना," बाई म्हणाल्या.

"गेटवर जमा आहेत."

"मग खिडकीतून बघा."

मास्तरांनी विटांच्या भिंतीकडे असं पाहिलं, की भिंतीलासुद्धा लाज वाटावी.

तेवढ्यात भोंग्यातून खरखर आली. आणि आवाज.

"कंट्रोल, टेकडीवरून सतरा बोलतोय."

मास्तर भोंग्याला कान लावून उभे राहिले. तीन वर्षं, मंडळी! आवाज थोडा थकलेला, पण तोच. शब्दाआधी श्वास घेण्याची तीच सवय. पडद्यावर एक करडी ओळ हिरवी झाली होती.

"कंट्रोल, कुणी आहे का जागं? दक्षिण धक्क्याबाहेर तुमची लाँच अडकलीय. पंख्यात दोर गेलाय बहुतेक. वाहत वाहत खडकांकडे चाललीय. एक जाडे गृहस्थ बनियनवर उभे राहून शर्ट हलवताहेत. आधी वाटलं, साहेबलोकांचा व्यायाम असेल. पण आता ते रडताहेत."

"सत...सतरा," मास्तरांनी माईक ओढला. "खडक किती लांब?"

"दोनशे हात. दुसरी बोट पूर्वेकडून पाठव. पश्चिमेला उथळ आहे. घाई कर, धाकट्या."

मास्तरांनी दुसरी बोट सोडली. पुढची बारा मिनिटं दादा टेकडीवरून डोळे झाला आणि मास्तर कंट्रोलमधून तोंड झाले. "डावीकडे घ्यायला सांग." "डावीकडे घ्या!" "आता दोर टाक म्हणावं." "दोर टाका!" खडक वीस हातांवर आले असताना लाँच ओढली गेली. साहेब वाचले, शर्ट गेला.

बाई पडद्याकडे बघत होत्या. "मास्तर, हा 'कपाटातला जादा' बरंच बोलतो हो! आणि तीन वर्षांपूर्वीचा सेट, आजची किल्ली नसताना, आत आलाच कसा?"

मास्तरांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. 'हाक' गट, करडी ओळ, कालची लबाडी.

बाईंनी पेन उघडलं, पुन्हा मिटलं. भगवंताच्या दारात उभं राहिल्यावर तो आधी यादी काढतो का, हे त्या स्वतःशीच विचारत असाव्यात. मग म्हणाल्या, "हा गट उघडाच ठेवा, मी तसं लिहून देते. नावांची लबाडी मात्र अहवालात जाणार. आणि खरा सतरा आत्ता, माझ्यासमोर बंद. नियम तुमचाच आहे."

"एक मिनिट बोलू द्या, मॅडम."

"बोला. तोवर हुकूम तयार ठेवा."

"दादा," मास्तर म्हणाले. बोट हुकुमाच्या बटणावर होतं. "बॅटरी तीन वर्षं नुसती पडली असती, तर मेली असती. ही जिवंत कशी?"

"दर रविवारी चार्ज करतो."

"मग लावलास का नाही कधी?"

"लावला असता तर तुला दिसलो असतो. लगेच भांडायला आला असतास."

"आलो असतो," मास्तर म्हणाले. डोळे भरून आले, पडदा दिसेना, ते बाहीनं पुसायला गेले.

"ऐक, आज संध्याकाळी ये. तुझी वहिनी रोज नाव काढते. आणि येताना ती—"

टक्!

डोळे पुसायच्या नादात बोटाखालचं बटण दाबलं गेलं होतं. अर्धा सेकंद! त्याहून एक कणभरही उशीर नाही!

'येताना ती' काय? मास्तरांनी दिवसभर डोकं खाजवलं. छत्री? चटई? औषधाची बाटली? संध्याकाळी टेकडी चढले ते दोन्ही हातांत पिशव्या, काखेत चटई आणि गळ्यात छत्री अडकवून. दादाचं दार दिसलं आणि पाय आपोआप धावायला लागले. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी...

धडाम!

दादा कंदील घेऊन बाहेर आला. खाली धाकटा भाऊ चटईत गुंडाळलेला, वर छत्री उघडलेली.

"अरे, सांगत तर होतो! येताना ती तिसरी पायरी मोडलीय, जपून पाय टाक म्हणून!"

मास्तर हसायला लागले, मग हसता हसता रडायला लागले. दादानं हात दिला. "झालं, लेकरा," तो म्हणाला, "चल घरी."

मंडळी, तुमच्याही यादीत अशी एखादी करडी ओळ असेल; पुसवत नाही आणि हाकही मारवत नाही. आज घरी गेल्यावर तिच्याकडे बघाल तेव्हा, बोलणं बंद असतानाही दर रविवारी न चुकता सेट चार्ज करणाऱ्या या दादाची तेवढी आठवण ठेवा. आणि त्याच्याकडे जाणार असाल, तर पाय जपून टाका. पायरी अजून तशीच आहे.