कुलसुमचे बारा गुंजनपक्षी

शाहूपुरीत कुलसुम अत्तार काळ्यापांढऱ्या फोटोंना हातानं रंग भरत असे. नवरीचा शालू लाल करावा तर तिनंच. १९७४ साली तिला रद्दीत शंभर वर्षांपूर्वीची बारा चित्रं सापडली: परदेशातले गुंजनपक्षी, अंगठ्याएवढे, हातानं रंगवलेले. त्यांच्या गळ्यांवरची झळाळी बघून ती दोन दिवस धड जेवली नाही. चित्रं चौकटीत बसवून तिनं दुकानात टांगली आणि दारावर पाटी लावली, 'बारा विदेशी पक्षी. बघायला या.'

आठवड्यात पक्षी-नोंदणी कार्यालयाची नोटीस आली. विनापरवाना पक्षी बाळगल्याबद्दल खुलासा करावा, अन्यथा जप्ती.

कुलसुमनं कळवलं, 'पक्षी फक्त कागदावर आहेत.'

उत्तर आलं, 'पक्षी कागदोपत्री असल्याचे आपण मान्य केले आहे. सबब तपासणी होईल.'

तपासणीस नृसिंहराव चष्मा पुसून पक्षी मोजू लागले. सातव्या चित्रापाशी थबकले. तिथं घरटं होतं, घरट्यात दोन अंडी.

"बाई, अंडी कवा घातली?"

"साहेब, चित्र हाय ते! शंभर वर्सं झाली."

"शंभर वर्सं, आणि अजून फुटली न्हाईत?" नृसिंहरावांनी तिथंच शेरा मारला, 'संगोपनात अक्षम्य हेळसांड.' मग म्हणाले, "पंधरा दिवसांत पिल्लं दाखवा. न्हाय तर सगळी पाखरं ताब्यात घेणार."

कुलसुमनं ब्रश उचलला, पण त्या अनोळखी चित्रकाराच्या कामावर तो टेकवायला हात धजेना. शेवटी तिनं चौकटीच्या काचेवर, बरोबर अंड्यांवर येतील अशी, दोन पिल्लं रंगवली. चोची वासलेली.

पंधराव्या दिवशी पिल्लं बघून नृसिंहरावांचे डोळे पाणावले. "आईवर गेलीत की!"

कार्यालयानं भर सभेत शाल-श्रीफळ देऊन तिला 'आदर्श पक्षीपालक' ठरवलं. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लांच्या मागणीसाठी दुकानासमोर रांग लागली. वकील होते, प्राध्यापक होते, शिफारशीच्या चिठ्ठ्या होत्या.

"अवो पावणं, काचंवरचा रंग हाय ह्यो," कुलसुम काच नखानं खरवडून दाखवत होती.

"असू दे की," रांगेतून आवाज आला. "शेजाऱ्याकडं तर असलं काय न्हाय न्हवं?"

कुलसुमनं हात जोडले आणि अर्ज घेतले. तुमचाही अर्ज त्यात आहे. 'घरी प्रशस्त पिंजरा आहे' असं तुम्ही स्वच्छ अक्षरात लिहिलंय. फक्त सही राहिलीय, तेवढी करून जा.